चाकरीचे गाव आणि समाधान

माळव्यातील आपल्या जुन्या मराठी घराण्यांच्या बोलण्यात ‘चाकरी’ आणि ‘घर’ हे दोन शब्द फार पूर्वीपासून एकमेकांपासून अंतर राखून उभे आहेत. चाकरी असेल तेथे माणसाने राहावे आणि मन मात्र घरी असावे, अशी काहीशी ही वाटणी आहे. या वाटणीत नोकरदार माणसाची तीस-पस्तीस वर्षे निघून जातात. तेव्हा परगावी नोकरी करीत असताना तेथील रोजच्या साध्यासुध्या गोष्टींत सुख मानून समाधानाने राहावे काय, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्याच्या पोटात दुसरा, अधिक अवघड प्रश्न दडलेला आहे. असे समाधान मिळालेच, तर ते शहाणपणाचे लक्षण समजावे की सोयीस्कर विसराळूपणाचे? प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करण्याचे योजिले आहे.

बदलीच्या गावी माणसे साधारणतः दोन प्रकारे राहतात. पहिल्या प्रकारची माणसे दिवस मोजतात. त्यांची ट्रंक कधी पुरती उघडली जात नाही, भिंतीवर एक दिनदर्शिका असते आणि तीत शनिवार तेवढे ठळक दिसतात. गावातील पाणी जड, दूध पातळ आणि माणसे आडमुठी, हा त्यांचा कायमचा अभिप्राय असतो. दुसऱ्या प्रकारची माणसे महिन्याभरात गावची होऊन जातात. पोहे कोठले चांगले, कोणत्या वळणावर सायंकाळी वारा येतो, कोणाच्या परसात पेरूचे झाड आहे, हे त्यांना ठाऊक असते. पहिल्या माणसाविषयी आपल्याला सहानुभूती वाटते आणि दुसऱ्याविषयी किंचित संशय. घर सोडून आलेला माणूस इतका सुखात कसा, असे मनात येतेच.

आपल्या परंपरेने मात्र संतोषाला फार वरचे स्थान दिले आहे. पतंजलींनी सांगितलेल्या पाच नियमांत शौचानंतर लगेच संतोष येतो आणि संतोषानंतर तप. ही शेजारी बसवलेली जोडी विचार करण्यासारखी आहे. संतोष म्हणजे हातपाय गाळून बसणे असते, तर त्याच्या शेजारी तपाला जागा मिळाली नसती. संतांनीही मिळेल त्यात समाधान मानण्यास सांगितले, पण आळसाची बाजू त्यांनी कधी घेतली नाही. तेव्हा संतोष ही मनाने करावयाची एक कृती आहे, एवढे गृहीत धरून पुढे जाण्यास हरकत नाही.

परगावी अडकलेल्या सेवकाचे सर्वांत प्रसिद्ध चित्र कालिदासाने रेखाटले आहे. मेघदूतातील यक्ष हा कुबेराचा चाकर. कामात हयगय झाल्यामुळे त्याला वर्षभराची हद्दपारी भोगावी लागली आणि तो रामगिरीवर येऊन राहिला. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे पुष्कळ अभ्यासकांनी मानले आहे. आठ महिने सरले, चार उरले, तेव्हा आषाढातील मेघ पाहून त्याने त्याच्याकरवी अलकानगरीस निरोप धाडला. मेघाची वाट सांगताना यक्ष विंध्याच्या पायथ्याशी विखुरलेली रेवा दाखवतो, विदिशा दाखवतो, आणि वाट थोडी वाकडी झाली तरी उज्जयिनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नको असे आवर्जून बजावतो. आम्हां माळव्याच्या लोकांना हा भाग वाचताना अभिमान वाटतो. परंतु एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मेघाला वाटेवरच्या प्रत्येक गावाचे सुख घ्यावयास सांगणारा हा यक्ष स्वतः ज्या डोंगरावर आठ महिने राहिला, त्याविषयी फार थोडे बोलतो. त्याचे दुःख खरे आहे, पण त्या दुःखात रामगिरीचे आठ महिने कोरेच राहिले.

याच्या उलट उदाहरण रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस याचे. इसवी सन 121 मध्ये जन्मलेल्या या राजाला आयुष्याच्या उत्तरार्धातील कितीतरी वर्षे राजधानीपासून दूर, डॅन्यूब नदीच्या बाजूच्या लष्करी छावण्यांत काढावी लागली, आणि 180 साली मोहिमेवर असतानाच तो वारला. तेथे त्याने केवळ स्वतःसाठी काही टिपणे लिहिली. त्यांतील एका टिपणात, भाजताना पावाच्या कवचाला पडणाऱ्या भेगा आणि पिकून उललेली अंजिरे यांचे सौंदर्य त्याने नोंदवले आहे. ज्याच्या पुढे युद्धाचे नकाशे पसरलेले असत, त्याने पावाच्या भेगेकडे पाहावे आणि त्यात सुख मानावे, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. त्याने घर विसरण्यासाठी पावाकडे पाहिले नाही. समोर जे होते ते नीट पाहिले, इतकेच.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. धार जिल्ह्यातील धरमपुरी हे नर्मदेच्या उत्तर तीरावरील तहसिलीचे गाव. धार-मांडूचे पठार सोडून विंध्याचा घाट उतरला की माणूस चारशे मीटरांहून अधिक खाली येतो आणि निमाड सुरू होतो. हवा बदलते, मालवीच्या जागी निमाडी बोली कानांवर येते आणि गव्हाच्या शेतांऐवजी कापूस व मिरची दिसू लागते. माळव्याच्या गार रात्रींची सवय असलेल्या माणसाला येथील वैशाख म्हणजे शिक्षाच वाटते. शासकीय सेवेत असताना या गावी काही काळ राहण्याचा योग आम्हांस आला, म्हणून येथील रोजच्या सुखांविषयी थोडे अधिकाराने लिहिता येईल.

ही सुखे मोठी नव्हती. पहाटे घाटावर गेले की अनोळखी माणूसही ‘नर्मदे हर’ म्हणून आपल्याला जमेस धरी. समोर नदीच्या पात्रात बेंट नावाचे बेट आणि त्यावर बिल्वामृतेश्वराचे देऊळ. तेथील घंटेचा आवाज पाण्यावरून येताना किंचित लांबल्यासारखा वाटे. हिवाळ्यात अंगणाअंगणांतून लाल मिरच्या वाळत पडलेल्या असत आणि सगळ्या गल्लीला एक तिखट वास येई. उन्हाळ्यात नदीच्या उघड्या पडलेल्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लागत. रात्रभर वाळूत निवालेले टरबूज पहाटे फोडून खाण्याचे सुख ज्याने घेतले आहे, त्याला निमाडच्या उन्हाळ्याविषयी तक्रार करण्याचा अर्धाच अधिकार उरतो.

जेवणाचीही एक गंमत होती. घरून आणलेले मेतकूट आणि लोणचे पंधरा दिवसांत संपे. मग गावातले जे मिळेल ते. निमाडी घरांत ज्वारीची भाकरी आणि अमाडीची भाजी हे नित्याचे अन्न. अमाडी म्हणजे आपली अंबाडी, हे पहिल्या घासालाच कळते. आपल्या घराण्यांनी दोन-अडीच शतके माळव्याचा गहू खाल्ला, दाल-बाफल्याला आपले म्हटले, आणि आपले दख्खनचे पूर्वज जी भाकरी-भाजी खाऊन घोड्यावर बसले ती आम्ही सणापुरतीही ठेवली नाही. ती एका परक्या गावातल्या ताटात भेटावी, याला काय म्हणावे? परगाव आपल्याला कधी कधी आपलेच विसरलेले काही परत देते.

आणखी एक सुख परिक्रमावासीयांचे. ओंकारेश्वराहून निघून नदी उजव्या हाताला ठेवीत दक्षिण तीराने सागरापर्यंत गेलेली ही माणसे उत्तर तीराने परतताना या पट्ट्यातून जातात. परंपरेप्रमाणे पूर्ण परिक्रमेस तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात. यांत मराठी मंडळी पुष्कळ. दिवसचे दिवस मराठी न ऐकलेल्या कानांवर घाटाच्या पायरीवरून ‘अहो, जरा तांब्या देता का?’ असे शब्द यावेत, आणि आम्ही ‘घ्या ना’ म्हणताच त्या माणसाने आश्चर्याने वळून पाहावे. तो घटकाभर बसे, आपल्या गावचे सांगे आणि उठून जाई. तोही घरापासून दूरच होता, पण त्याने दूर असण्याचे व्रत घेतले होते. आमचे दूर असणे हुकुमाने आलेले होते. व्रताने घेतलेले आणि हुकुमाने आलेले दूरपण एकाच पायरीवर बसून पाणी पीत असे.

येथे विरंगुळा आणि समाधान यांतील भेद सांगणे आवश्यक आहे. विरंगुळा आपण कोठे आहोत याचा विसर पाडतो. पत्त्यांचा डाव, दूरदर्शन, आणि आता हातातील मोबाईल, ही त्याची साधने कोणत्याही गावी सारखीच असतात. समाधान नेमके उलट करते. आपण कोठे आहोत ते दाखवते. म्हणून माणूस परगावी समाधानात होता की केवळ विरंगुळ्यात, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. त्या गावाविषयी त्याला काय ठाऊक आहे, ते विचारावे. पावसाळ्यानंतर नदीचे पाणी केव्हा निवळते, बाजाराच्या दिवशी कोणत्या पाड्याची माणसे पायी येतात, कोणत्या विहिरीला फेब्रुवारीतच तळ दिसतो, हे ज्याला सांगता येते तो तेथे राहिला होता असे समजावे.

लोककथा रूपमतीला धरमपुरीची मानते. इतिहासाला तिच्याविषयी फार थोडे ठाऊक आहे; पण नर्मदेचे दर्शन घेतल्याशिवाय ती अन्नाला शिवत नसे, ही कथा मांडूला जाणारा प्रत्येक जण ऐकतो. पठाराच्या कड्यावरील तिच्या मंडपातून स्वच्छ हवेच्या दिवशी खाली दूरवर नर्मदा एखाद्या चंदेरी रेघेसारखी दिसते. 1561 साली अधमखानाच्या फौजेपुढे बाजबहादुराचे राज्य कोसळले आणि रूपमतीने विष घेतले, असे सांगतात. कथेतील राणीचे वैभव बाजूला ठेवले तर उरते ते हे: माहेरच्या नदीची एक रेघ रोज पाहून दिवस सुरू करणारी एक बाई. यक्षालाही घराची ओढ होती आणि हिलाही. हिने त्या ओढीचे रोजच्या न्याहारीआधीचे एक लहानसे काम करून टाकले, एवढाच फरक.

परंतु दूर राहून जवळचे पाहण्याचे सर्वांत थोर उदाहरण आपल्याच देवासने दिले आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले कुमार गंधर्व 30 जानेवारी 1948 रोजी, म्हणजे गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, देवासला आले. ते येथे क्षयरोगावर उपाय म्हणून, कोरड्या हवेसाठी आले. पंचविशीही न गाठलेल्या, सगळ्या देशाने वाखाणलेल्या गायकाला गाण्याची मनाई झाली आणि पाच-सहा वर्षे अंथरुणाशी गाठ पडली. या काळात त्यांनी जे करता येण्यासारखे होते ते केले. ते ऐकत राहिले. पाखरे, वारा, रस्त्याने जाणारे भजनी, आणि सण-लग्नांत मालवी बायका म्हणत ती गाणी. 1953 मध्ये ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा माळव्याच्या लोकधुना त्यांच्या गळ्यात उतरल्या होत्या. त्यांतून मालवती, लगनगंधार, संजारी यांसारखे राग उभे राहिले आणि 1965 साली ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झाला. बरे झाल्यावर मुंबई-पुण्याला परतणे त्यांना अवघड नव्हते. ते परतले नाहीत. 12 जानेवारी 1992 रोजी त्यांचे निधन झाले तेही देवासलाच.

येथे आम्हांस एक गोष्ट अधोरेखित करावीशी वाटते. आजारी माणसाने खिडकीतून येणारे गाणे ऐकून मन रमवले, एवढेच घडले असते तर तो विरंगुळा ठरला असता. कुमारांनी त्या गाण्याचे ऋण मानले. जे ऐकले ते नीट शिकले, टिपून ठेवले आणि ज्या मातीतून ते आले तिचे नाव घेऊन जगापुढे मांडले. समाधानाची नैतिक बाजू येथे दिसते. एखाद्या जागेचे सुख घेतले की त्या जागेचा आपल्यावर हक्क निर्माण होतो. हा हक्क मानणारे समाधान शहाणपणाचे आणि न मानणारे विसराळूपणाचे, असे आमचे मत आहे.

या मतावर तीन आक्षेप येऊ शकतात आणि तिन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप घरातून येतो. नवरा धरमपुरीच्या घाटावर वारा खात बसला, तेव्हा इंदूरला मुलांचे आजारपण, सासूबाईंचे पथ्य, गॅसचा नंबर आणि शाळेची फी कोणी सांभाळली? परगावच्या समाधानाचा खर्च पुष्कळदा घरी राहिलेली स्त्री भरीत असते. हा हिशेब पुरता जुळतो असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. इतकेच म्हणता येईल की दिवस मोजणारा माणूस शनिवारी घरी तक्रारी घेऊन येतो, आणि समाधानी माणूस अर्धा मण टरबुजे आणि सांगण्यासारखे काही घेऊन येतो. ज्या सुखात घरच्यांना वाटा देता येत नाही, त्याकडे संशयाने पाहावे हेच बरे.

दुसरा आक्षेप कचेरीतून येतो. समाधानी माणूस सुस्त होतो, असे म्हणतात. अनुभव याच्या उलट आहे. दिवस मोजणाऱ्याच्या टेबलावर कागद साचतात, कारण ते ज्याच्याकडे जायचे तो पुढचा माणूस असतो. जो ज्या विहिरीचे पाणी पितो, त्याला त्या विहिरीच्या दुरुस्तीची फाईल केवळ फाईल वाटत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे. बदलीवर आलेला माणूस केव्हातरी निघून जाणार असतो, म्हणूनच त्याला तेथील सगळे गोड लागते, असा हा आक्षेप. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 साली देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचे खाजगी सचिव म्हणून काही महिने राहिले. दरबाराचा विस्कळीत कारभार आणि गोकुळाष्टमीचा उत्सव यांचे त्यांनी केलेले वर्णन 1953 साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात प्रसिद्ध झाले. ते गमतीचे आहे आणि महाराजांविषयी प्रेमाने भरलेले आहे. पण फॉर्स्टर काही महिन्यांनी देवास सोडून गेले. संस्थान कर्जात बुडाले, महाराजांना पाँडिचेरीत आश्रय घ्यावा लागला आणि 1937 मध्ये ते तेथेच वारले. पाहुण्याला ज्या विस्कळीतपणाची गंमत वाटली, त्याचे परिणाम देवासच्या रहिवाशांनी सोसले.

धरमपुरीलाही हे लागू आहे. नर्मदा जल विवाद न्यायाधिकरणाने 1979 साली अंतिम निवाडा दिल्यापासून या काठच्या गावांवर सरदार सरोवराच्या फुगवट्याची टांगती तलवार होती आणि बुडिताच्या यादीत धरमपुरी गावाचेही नाव होते. सप्टेंबर 2019 मध्ये धरण प्रथमच 138.68 मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. धार जिल्ह्यातीलच चिखलदा आणि निसरपूर ही गावे पाण्याखाली गेली. नदीपात्रात जेथे वाळू उघडी पडत होती तेथे पाणी उभे राहू लागले, आणि वाळूबरोबर टरबुजाच्या वाड्याही गेल्या. आम्हांसाठी ती टरबुजे उन्हाळ्यातील एक सुख होती. ज्याने ती लावली त्याच्यासाठी ती वर्षाची कमाई होती. सुख घेणाऱ्याची नोकरी गावागणिक बदलत गेली, आणि सुख देणाऱ्याला एकच वाळू होती.

म्हणून परगावच्या सुखाविषयी बोलणाऱ्याने हा आक्षेप टाळता कामा नये. घराची मोजणी करावयास जाणारा कर्मचारी त्या घराच्या ओट्यावर कधी पाणी प्यालेला असेल, तर त्याची टेप एक इंचही कमी-अधिक होऊ नये. पण त्याला हे ठाऊक असावे की तो ओटा मोजतो आहे तो संध्याकाळी म्हाताऱ्यांनी बसण्याचा ओटा आहे, आणि नुकसानभरपाईच्या तक्त्यात त्या बसण्याला रकाना नाही. हे ठाऊक असल्याने धरण थांबत नाही. परंतु अर्ज ऐकून घेतला जातो, राहिलेले नाव यादीत यावे म्हणून दुसऱ्यांदा टिपण लिहिले जाते, आणि समोरच्या माणसाला बसा म्हटले जाते. नोकरदाराच्या हाती एवढेच असते, आणि तेही दिवस मोजणाऱ्याच्या हातून सहसा होत नाही.

शेवटी आपल्या स्वतःच्या इतिहासाकडे पाहिले पाहिजे. 1728 साली आमझेऱ्याची लढाई झाली, पुढे पवारांची राज्ये धार आणि देवास येथे स्थिरावली, आणि त्यांच्या मागोमाग शिलेदार, कारकून, भिक्षुक अशी आपली घराणी नर्मदा उतरून आली. तीही चाकरीलाच आली होती. पुष्कळांना परत जायचे होते. स्वतः थोरले बाजीराव 1740 साली नर्मदाकाठी रावेरखेडीला गेले ते परतलेच नाहीत. आणि या घरांत सातारा-पुण्याकडून लग्न होऊन आलेल्या मुलींना तर परतीच्या बदलीचा हुकूम कधीच मिळणार नव्हता. त्यांनी काय केले? माळव्याच्या कणकेत पुरण भरून पाहिले, मक्याच्या कणसांचा कीस आपल्या फोडणीत परतून पाहिला, शेजारणीची गाणी शिकल्या आणि आपल्या ओव्या तिला शिकवल्या. हे मुक्काम संपेपर्यंतचे मन रमवणे होते असे म्हणावे, तर तो मुक्काम अजून संपलेला नाही. त्यांच्या रोजच्या लहान सुखांचे थर एकावर एक बसत गेले आणि त्यालाच आज आपण घर म्हणतो. चाकरीचे गाव आणि घर यांत जी भिंत आपण मानतो, ती आपल्याच आजी-पणज्यांनी कधीच ओलांडली होती.

आज आपली मुले पुणे, बंगळूर किंवा त्याहून दूर समुद्रापलीकडे नोकरीला आहेत. रविवारी फोन येतो आणि आपण ठरलेले प्रश्न विचारतो: तब्येत बरी आहे ना, जेवतोस ना, केव्हा येणार? या प्रश्नांत माया आहे, पण तिन्ही प्रश्न दिवस मोजण्याचे आहेत. त्यांत एक-दोन प्रश्नांची भर घालावी असे आम्हांस सुचवावेसे वाटते. तुझ्या गल्लीत कोणते झाड आहे? भाजी कोणाकडून घेतेस, तिचे गाव कोणते? तुमच्याकडे पाणी कोठून येते? मुलांना उत्तरे देता आली, तर ती जेथे आहेत तेथे सुखाने राहत आहेत आणि त्या गावचे काही देणे लागतात हेही त्यांना कळले आहे, असे समजून आपण निश्चिंत व्हावे.